पंतप्रधान किती शिकले ते ठीक, पण फी कोणी भरली?

जिन्सीकर

गणपतीत आमच्या मंडळात मुलांची प्रश्नमंजुषा होती. प्रश्न आला, "भारताचे सर्वांत जास्त शिकलेले पंतप्रधान कोण?" उत्तर ठरलेलं होतं, मनमोहन सिंग. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी लगेच हरकत घेतली. जास्त म्हणजे काय? डिग्र्या मोजायच्या की भाषा? मग नरसिंह रावांचं काय? झालं! मुलं मोदकांकडे बघत बसली आणि आई-बाप आपसात भांडले.

भांडण मजेशीर होतं, पण मला प्रश्नच कच्चा वाटला. पंतप्रधानांच्या शिक्षणाची यादी नेटवर कुठेही मिळते. ती वाचून हाती काय लागतं? कोणी एम.ए., कोणी बॅरिस्टर, कोणी अर्धवट सोडलेलं. मला त्या यादीत नसलेल्या दोन रकान्यांत रस आहे. पैसे कोणी दिले? आणि शिक्षण सुटलं असेल तर कशामुळे सुटलं?

सुरुवात आपल्याच गावापासून, ग्वाल्हेरपासून करतो. अटलजी शिंदे की छावणीतल्या कमलसिंह के बागेत वाढले. वडील कृष्णबिहारी संस्थानच्या शाळाखात्यात मास्तर. व्हिक्टोरिया कॉलेजातून (आताचं एम.एल.बी.) हिंदी, इंग्रजी, संस्कृत घेऊन बी.ए. झाले. पुढे काय? वडील निवृत्त झालेले, घरात बहिणी लग्नाच्या. महाराज जिवाजीरावांनी दरमहा ७५ रुपयांची स्कॉलरशिप मंजूर केली, म्हणून कानपूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात राज्यशास्त्राचं एम.ए. झालं, तेही पहिल्या वर्गात. सोबत लॉ घेतलेलं, ते फाळणीच्या धामधुमीत सुटलं ते सुटलंच.

आता याच्या शेजारी नेहरू ठेवा. हॅरो, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, मग लंडनचं इनर टेंपल. विषय कोणते, तर रसायन, भूगर्भ आणि वनस्पतिशास्त्र. १९१० साली दुसऱ्या वर्गात पास, १९१२ साली बॅरिस्टर. बॅरिस्टरीच्या परीक्षांबद्दल त्यांनी स्वतःच लिहिलंय की धड नाव निघालं नाही आणि धड नाचक्कीही झाली नाही. सगळा खर्च मोतीलालजींच्या वकिलीतून. दुसरा वर्ग मिळाला म्हणून काही अडलं नाही, अडणारही नव्हतं.

मनमोहन सिंगांना दुसरा वर्ग परवडला असता का? पश्चिम पंजाबातलं गाह नावाचं बिनविजेचं गाव, लहानपणीच आई गेलेली, फाळणीत घर सुटलेलं, मॅट्रिक १९४८ साली. तिथून पंजाब विद्यापीठाचं एम.ए., १९५७ साली केंब्रिजला पहिला वर्ग, १९६२ साली ऑक्सफर्डची डी.फिल. केंब्रिजला पैसे पुरायचे नाहीत, जेवण चुकलं की चॉकलेटच्या वडीवर भागवायचे, असं त्यांच्या मुलीने लिहून ठेवलंय. ज्याचं पुढचं पाऊल स्कॉलरशिपवर आहे त्याचं पहिल्या वर्गात येणं मला हौसेचं वाटत नाही.

तर आपापली भर घाला. पक्षाचं भांडण मात्र दुसऱ्या धाग्यावर.

कंपूवाला

जिन्सीकर, कानपूरची खरी गोष्ट तर तुम्ही गाळलीत! अटलजी लॉला चाललेत म्हटल्यावर निवृत्त वडीलही म्हणाले, मीही येतो. दोघांनी एकाच वर्गात नाव घातलं. हॉस्टेलातही एकाच खोलीत. वडील वर्गात उशिरा आले की प्राध्यापक मुलाला विचारायचे, "तुमचे पिताजी कुठं राहिले?" आणि मुलगा उशिरा आला तर पिताजींना तोच प्रश्न. बाप-लेकाला बघायला दुसऱ्या वर्गांतली मुलं डोकावून जायची. शेवटी कंटाळून एकाने सेक्शन बदलून घेतला. हे सगळं अटलजींनी स्वतः सांगितलेलं आहे.

आणि पैशांचंच म्हणाल तर पुढचंही ऐका. १९७१ साली अटलजी ग्वाल्हेरातून निवडून आले आणि १९८४ साली इथेच पडले. पाडलं कोणी? ज्यांनी स्कॉलरशिप दिली त्या जिवाजीरावांच्याच चिरंजीवांनी, माधवरावांनी. एकजण गोरखी शाळेतला, दुसरा किल्ल्यावरच्या सिंदिया स्कूलमधून ऑक्सफर्डला गेलेला. आमच्या वडिलांची पिढी त्या निवडणुकीत अक्षरशः चिरली गेली होती. महाराजांना मत नाही दिलं तर मराठी कसले, आणि अटलजींना नाही दिलं तर संघाचे कसले!

पीएससी_पोरगी

काका, माझी एम.पी.पी.एस.सी.ची (मध्य प्रदेशच्या सरकारी भरती परीक्षेची) तयारी चालू आहे. गोष्टी छान आहेत, पण सरळ एक तक्ता टाकता का? पटकन पाठ होईल.

जिन्सीकर

तक्ता नको बेटा, तो तुला कोचिंगवाले देतील. पण सुटलेली माणसं भरभर सांगतो.

लालबहादूर शास्त्री. बनारसला हरिश्चंद्र हायस्कुलात दहावीच्या तोंडावर होते. १९२१चा असहकार आला, शाळा सोडली. मग काशी विद्यापीठात गेले. हे बनारस हिंदू विद्यापीठ नव्हे, परीक्षेत इथेच फसवतात. शिवप्रसाद गुप्तांच्या पैशांतून उभं राहिलेलं, सरकारची दमडी न घेणारं राष्ट्रीय विद्यापीठ. १९२५ साली तिथली 'शास्त्री' पदवी मिळाली, विषय तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र, तीच पुढे आडनावासारखी चिकटली. सरकारी नोकरीच्या बाजारात त्या पदवीला तेव्हा किंमत शून्य, आणि हे माहीत असूनच पोरं तिथे जात होती.

मोरारजी त्याच्या नेमके उलट. बलसाडकडचे, शाळामास्तरांचे चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले, १९१८ साली मुंबई प्रांताच्या नोकरीत लागले, बारा वर्षं डेप्युटी कलेक्टर राहिले आणि १९३० साली राजीनामा दिला. म्हणजे एकाने पदवी घेतानाच सरकारला नकार दिला, दुसऱ्याने पदवीचं पुरेपूर फळ खाल्ल्यावर. अवघड कोणतं, ते माझं मलाच ठरवता येत नाही.

चरणसिंग, शेतकऱ्याघरचे. आग्रा कॉलेजातून बी.एस्सी. आणि मग इतिहासात एम.ए., वर कायदा. चंद्रशेखर, बलियाचे, अलाहाबादचं राज्यशास्त्राचं एम.ए. गुजराल लाहोरला शिकलेले, फोरमन ख्रिश्चन आणि हेली कॉलेज, १९४२ साली तुरुंगवारीही झाली. राजीव गांधी, डून स्कूल, मग पणजोबांच्या पैशांवर आजोबा शिकले ते ट्रिनिटी, तिथे पदवी नाही, मग लंडनचं इम्पिरियल कॉलेज, तिथेही नाही, मग वैमानिकाचं लायसन. ते मात्र पक्कं मिळवलं आणि त्यावर इंडियन एअरलाइन्सची नोकरी केली.

कर्वेरोडवरून

ग्वाल्हेरकरांनो, यादीत पुणं कुठे आहे? इंदिराबाई १९३१ ते ३४ पुण्यात वकील आडनावाच्या दांपत्याच्या प्युपिल्स ओन स्कूलमध्ये होत्या. वडील तुरुंगात, मुलगी पुण्यात बोर्डिंगला. विश्वनाथ प्रताप सिंग फर्ग्युसनचे, पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. नरसिंह रावांनाही उस्मानिया विद्यापीठातून 'वंदे मातरम्' प्रकरणी बाहेर पडावं लागलं आणि आसरा मिळाला तो पुण्या-नागपुरात. मराठी माणूस पंतप्रधान झाला नाही तो नाही, पण पंतप्रधान घडवण्याचं काम आम्ही इमानेइतबारे केलेलं आहे.

छत्रीबाजार

आले! पुणं आल्याशिवाय धागा पुरा कसा होणार. अहो, इंदिराजींच्या शाळा मोजायला बसलात तर अलाहाबाद, जिनिव्हा, बेक्स, पुणं, मुंबई, शांतिनिकेतन, ब्रिस्टल असा अर्धा नकाशा भरेल. सगळेच म्हणतील आम्ही घडवल्या.

पण नरसिंह रावांचं बोललात ते बरोबर. निजामाच्या राज्यात हॉस्टेलमध्ये वंदे मातरम् म्हणणाऱ्या पोरांना काढलं, तेव्हा त्यांना घ्यायला नागपूर विद्यापीठ पुढे आलं. कायद्याची पदवी नागपूरची. मराठी इतकी पक्की की एका गाजलेल्या मराठी कादंबरीचं तेलुगू भाषांतर केलं. साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकायला बसले, आणि नुसतं टायपिंग नाही, प्रोग्राम लिहायला शिकले. मंडळातल्या त्या आजोबांच्या हरकतीला माझं मत. जास्त शिकलेला म्हणजे जो शिकायचा थांबला नाही तो, असं धरलं तर राव पहिले.

मोरारची माई

मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण इंदिराजींचं 'ऑक्सफर्ड अर्धवट' असं एका ओळीत लोक उडवतात ते मला खटकतं, म्हणून लिहिते.

जिन्सीकरांचा दुसरा रकाना त्यांना लावून बघा. मॅट्रिक १९३४, मग शांतिनिकेतन. तिथे वर्षही नीट झालं नाही, तर १९३५ साली आईला, कमलाजींना, उपचारासाठी युरोपात न्यायचं ठरलं. वडील तुरुंगात. सोबत कोण जाणार? सतरा वर्षांची मुलगी. फेब्रुवारी १९३६ मध्ये लोझानला आई गेली. त्यानंतर ब्रिस्टलची शाळा, ऑक्सफर्डची प्रवेश परीक्षा, लॅटिनमध्ये आपटणं, पुन्हा बसणं आणि १९३७ साली सॉमरव्हिल कॉलेज. तिथेही छातीचं दुखणं लागलं आणि स्वित्झर्लंडच्या सॅनेटोरियममध्ये महिनेच्या महिने काढावे लागले. बाहेर महायुद्ध. १९४१ साली पदवीशिवाय परत.

पैशांची ददात नव्हती हे मान्य. पण घरात आजारपण आलं की आधी कोणाचं शिक्षण थांबतं हे आपल्या घरांतल्या बायकांना विचारा. माझ्या आईचं चौथीत थांबलं, आजीच्या बाळंतपणापायी. नेहरूंच्या घरात नि आमच्या घरात जमीन-अस्मानाचा फरक, तरी या एका बाबतीत काही फार वेगळं झालं नाही. आणि सॉमरव्हिलचं म्हणाल, तर मार्गारेट थॅचरबाई पण तिथल्याच, काही वर्षांनी आलेल्या, रसायनशास्त्राच्या. एकाच बायकांच्या कॉलेजाने दोन देशांना पंतप्रधान दिल्या. एकीकडे पदवी होती, एकीकडे नव्हती. दोघींसमोर मंत्री सारखेच चळचळा कापायचे.

कंपूवाला

माई, रोज लिहीत जा हो.

ओव्हरसियर

राम राम मंडळी. देवेगौडांचं नाव सगळ्यांनी टाळलं, तेव्हा मीच घेतो. मी स्वतः सिव्हिल डिप्लोमावाला, पी.एच.ई.मधून, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालो. आयुष्यभर बी.ई. झालेल्या पोरसवदा साहेबांना सर म्हटलं आणि त्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका गुपचूप सुधारून दिल्या. म्हणून १९९६च्या जूनमध्ये हासनच्या पॉलिटेक्निकचा एक सिव्हिल डिप्लोमावाला देशाचा पंतप्रधान झाला तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. जनता दलाशी आमच्यातल्या कोणाचा काही संबंध नव्हता बरं का.

तेव्हा दिल्लीच्या लोकांनी फार टवाळी केली. हिंदी येत नाही, सभेत डुलक्या घेतात, वगैरे. पण माणूस शेतकऱ्याच्या घरचा, शिकल्यावर छोटी कंत्राटं घेणारा, १९६२ साली अपक्ष आमदार झालेला. कर्नाटकात पाटबंधाऱ्याच्या कामांबद्दल त्यांना कोणी कागद वाचून दाखवावा लागत नसे, असं तिकडचे लोक सांगतात. क्युसेक म्हणजे काय हे न समजता कावेरीवर भाषणं ठोकणारे डबल ग्रॅज्युएट मी पुष्कळ बघितले.

फी कोणी भरली, तर पॉलिटेक्निकला फी ती किती. हाच तर मुद्दा आहे. जवळच्या गावात स्वस्त शिक्षण होतं म्हणून झालं. हासनला पॉलिटेक्निक नसतं तर बंगळूरला पाठवायची ऐपत घरात असती की नाही, कोण जाणे.

दालबाजार वकील

कायद्याचं कोणीच बोललं नाही, तर माझं कर्तव्य बजावतो.

घटनेनुसार पंतप्रधानाला शिक्षणाची कसलीही अट नाही. अनुच्छेद ८४ फक्त एवढं मागतं, की भारताचा नागरिक असावा, शपथ घ्यावी, लोकसभेसाठी वय २५ आणि राज्यसभेसाठी ३०. संसदेचा सभासद झालात आणि बहुमत पाठीशी असलं की पुरे. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही होऊ शकतो. आणि हे विसरून राहिलेलं नाही. २६ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीच्या समारोपाच्या भाषणात राजेंद्रबाबूंनी खंत बोलून दाखवली होती, की कायदा राबवणाऱ्याला आपण मोठमोठ्या पात्रता लावतो आणि करणाऱ्याला एकही नाही. हे बोलणारा माणूस स्वतः कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिला आलेला. तरी सभेने अट घातली नाही, कारण ज्या देशात पाचातले चार जण निरक्षर ठेवले गेले तिथे अशी अट म्हणजे त्यांनाच पुन्हा दाराबाहेर उभं करणं.

आता गंमत बघा. खासदाराला अट नाही, पण हरियाणात २०१५ साली सरपंच-पंचांना अट लागली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, बायकांना आणि अनुसूचित जातीच्या पुरुषांना आठवी, अनुसूचित जातीच्या बाईला पंचपदासाठी पाचवी. राजबाला नावाच्या बाईंनी आव्हान दिलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. राजस्थाननेही अशीच अट आणली होती, ती २०१९ साली मागे घेतली. म्हणजे पाचवी नापास बाई गावाची पंच होऊ शकत नाही, देशाची पंतप्रधान होऊ शकते. माझ्या अशिलांना हे सांगितलं की त्यांना वाटतं वकील चेष्टा करतोय.

नवा_गडी

सगळे एकाच प्रश्नाला बगल देताहेत. सध्याच्या पंतप्रधानांच्या, मोदींच्या डिग्रीचं काय?

दालबाजार वकील

निवडणूक शपथपत्रात दिल्ली विद्यापीठाची बी.ए. १९७८ आणि गुजरात विद्यापीठाची एम.ए. १९८३ असं लिहिलेलं आहे. दोन्ही विद्यापीठांनी पदव्या खऱ्या असल्याचं सांगितलंय. नोंदी माहिती अधिकारात उघड कराव्यात का, यावर कोर्टबाजी झाली. गुजरात उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माहिती आयोगाचे आदेश रद्द केले. शिक्षण शपथपत्रात लिहावं लागतं तेसुद्धा २००२-०३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे. त्याआधी कोणाची पदवी कोणी विचारलीच नाही. नेहरूंच्या उमेदवारी अर्जात ट्रिनिटीचा उल्लेख शोधायला जाऊ नका.

व्यवस्थापक

या उपविषयावर आलेले अकरा प्रतिसाद हलवले आहेत. दोन्ही बाजूंचे आहेत, कोणी एकतर्फी ओरड करू नये. वरची वस्तुस्थितीची टिप्पणी ठेवली आहे. पुढे मूळ विषयावर बोला.

हजीरेवाला

जिन्सीकर, तुमच्या रकान्याबद्दल मला शंका आहे, स्पष्टच लिहितो. फी कोणी भरली यावरून माणूस कसा राज्य करेल हे कळतं का? नेहरूंची बापाने भरली, त्यांनी आय.आय.टी. उभ्या केल्या. मनमोहन सिंगांची विद्यापीठाने भरली, आणि त्यांच्या काळात शिक्षणाचं खासगी दुकान काही बंद पडलं नाही. अटलजी संस्थानच्या पैशांवर शिकले म्हणून संस्थानिकांचे मिंधे झाले नाहीत. मग त्या रकान्यातून निघतं काय? गरिबीतून वर आलेल्याचं कौतुक करायला आपल्याला आवडतं, एवढंच. ब्रिटनचे जॉन मेजर सोळाव्या वर्षी शाळा सोडून बसले होते, सात वर्षांच्या आसपास पंतप्रधान होते. त्यावरून काय शिकायचं?

जिन्सीकर

हजीरेवाले, राज्य कसं करतील हे कळतं असं मी कुठे म्हटलं? मला कळतं ते वेगळं. तो पंतप्रधान मोठा होत असताना देशात कोणती दारं उघडी होती, ते.

बघा ना. १९०५ साली हॅरोला जायचं तर बाप मोतीलाल असावा लागतो. १९२१ साली शास्त्रीजींसाठी लोकवर्गणी आणि देणग्यांवर चालणारं विद्यापीठ आहे, कारण चळवळ आहे. १९४५ साली अटलजींसाठी महाराजांची मर्जी आहे. मर्जीच ती, मास्तरांच्या प्रत्येक मुलाला ७५ रुपये मिळत नव्हते. १९५०च्या दशकात मनमोहन सिंगांसाठी विद्यापीठाची स्कॉलरशिप आणि देवेगौडांसाठी हासनचं पॉलिटेक्निक आहे. बाप, देणगीदार, राजा, मग विद्यापीठ. पन्नास वर्षांत फी भरणारा हात कसा बदलला ते या चार-पाच माणसांच्या पावत्यांत दिसतं. त्यात कौतुक कोणाचं नाही. मेजरसाहेबांच्या बाबतीत मी शाळा का सुटली ते विचारीन, आणि सुटल्यावरही बँकेत चढत जाता आलं ते कसं, तेही.

आणि मला खुपतं ते हे. अटलजींच्याच बाकावर बसून बी.ए. झालेला, पण महाराजांच्या नजरेत न आलेला, जिन्सीतला एखादा मराठी पोरगा १९४५ साली कुठल्या तरी कचेरीत कारकून झाला असेल. त्याची यादी कोणी काढत नाही.

मांडवीची वहिनी

बडोद्याहून लिहिते, चालेल ना? राजाच्या मर्जीचा विषय निघाला म्हणून. आमच्या सयाजीरावांनी मर्जीचा कायदा केला. १८९३ साली अमरेलीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ साली सगळ्या संस्थानात. मुलींनासुद्धा, न पाठवल्यास बापाला दंड. आणि १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बाबासाहेब पंतप्रधान झाले नाहीत, पण पंतप्रधानाला शिक्षणाची अट नसलेल्या घटनेचा मसुदा त्यांच्याच समितीचा. देशातल्या सर्वांत जास्त शिकलेल्यांपैकी जे एक, त्यांच्या हातून हे झालं. हजीरेवाल्या भाऊंनी याचाही विचार करावा.

हजीरेवाला

वहिनी, हा मुद्दा मान्य. बाकी जिन्सीकरांशी भांडण चालू ठेवतो. पावत्या ही गोष्ट चांगली आहे, पण पुरुषांच्याच पावत्या आहेत. माईंनी लिहिलं ते तुमच्या बाप-राजा-विद्यापीठ या शिडीत बसत नाही. इंदिराजींची फी भरलेली होती, तरी सुटलं.

मोरारची माई

म्हणून तर दुसरा रकाना ठेवलाय त्यांनी. वाचत जा नीट.

पीएससी_पोरगी

एवढं सगळं झालं, पण गुलजारीलाल नंदा राहिले! दोनदा हंगामी पंतप्रधान होते, १९६४ आणि १९६६, दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस. हा प्रश्न नक्की येतो. त्यांचं शिक्षण काय?

जिन्सीकर

शाब्बास. सियालकोटचे, लाहोर, आग्रा, अलाहाबाद अशा ठिकाणी शिकले. १९२०-२१ साली अलाहाबाद विद्यापीठात कामगारांच्या प्रश्नांवर संशोधन करत होते. मग मुंबईच्या नॅशनल कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेवढ्यात गांधीजी भेटले. १९२२ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघटनेचे चिटणीस झाले आणि १९४६ पर्यंत तेच काम केलं.

ओव्हरसियर

म्हणजे ज्या विषयावर प्रबंध लिहायचा त्याच विषयात चोवीस वर्षं साइटवर. या माणसावर वेगळा धागा काढा जिन्सीकर, मी मजूर महाजनच्या चाळींबद्दल लिहितो. अहमदाबादला मेव्हण्याकडे असताना बघितल्यात.

जिन्सीकर

काढतो. माहिती जमवायला रविवारपर्यंत वेळ द्या.